पेशंटला ‘येते’ म्हणू नये

मॅडमचा पहिला तास सुयांचा नसे, रक्तदाबाचाही नसे. पहिला तास ‘येते’ या शब्दाचा.

वैद्यकीय सहायकाच्या कोर्सला आलेली नवी पोरं-पोरी कडक इस्त्रीचे पांढरे कोट घालून, खिशाला दोन-दोन पेनं अडकवून बसलेली असत. आजच हातात सिरिंज मिळणार असा त्यांचा थाट. मॅडम मात्र फळ्यावर तो एक शब्द लिहीत आणि त्यावर भलीमोठी फुली मारत.

“घरातून निघताना काय म्हणता? ‘जाते’ म्हणालात तर आई ओरडते, येते म्हण म्हणून. बरोबर आहे तिचं. पण वॉर्डात पेशंटला ‘येते’ म्हणायचं नाही. तुमची ड्यूटी संपते, तुम्ही घरी जाऊन जेवून झोपता आणि तो तिकडे दाराकडे डोळे लावून पडलेला असतो. घरात ‘जाते’ म्हणणं अशुभ, वॉर्डात ‘येते’ म्हणणं पाप. सरळ सांगायचं, मी आता निघतेय, रात्रीची सिस्टर येईल. संपलं.”

पोरं हसत. वय हसण्याचंच. मग मॅडम बाकीचं सांगत. आत जाण्याआधी दारावर टकटक करायची. आपण कोण ते सांगायचं. पेशंटचं नाव त्याच्याच तोंडून काढून घ्यायचं. काय करणार ते आधी बोलायचं, मग हात लावायचा. खोटं बोलायचं नाही. आणि प्रश्न विचारला की उत्तर येईपर्यंत गप्प बसायचं. हे शेवटचं सगळ्यात अवघड. शीर शोधायला आठवडाभरात येते, गप्प बसायला काहींना जन्म पुरत नाही.

“तुमची बस चुकेल म्हणून त्याचं दुखणं काही धावत बाहेर येणार नाही,” मॅडम म्हणत.

उभी हयात त्यांनी वॉर्डात काढली होती आणि गुडघे बोलायला लागल्यावर शिकवायला आल्या होत्या. लग्नाच्या फंदात पडल्या नाहीत, मूलबाळ नाही. जीभ फटकळ, पण ती ज्याच्यावर चाले त्याचंच भलं होई, हे पोरांना सहा महिन्यांनी कळे.

सरावाची खोली वरच्या मजल्यावर, लांबट. तीन लोखंडी पलंग, चाकांचे पडदे, सलाइनचा स्टँड, वापरलेल्या सुया टाकायचा डबा आणि कोपऱ्यात कायम ठिबकणारा नळ. खिडकीजवळच्या तिसऱ्या पलंगावर रबराची बाई असे. तिच्या हातात नळ्या होत्या, नळ्यांत लाल पाणी. पोरांनी तिला ‘मावशी’ नाव ठेवलं होतं. पिढ्यान् पिढ्यांनी टोचून टोचून तिच्या कोपराची चाळण केली होती, पण हूं की चूं नाही. रोज संध्याकाळी दिवा मालवताना मॅडम दारातूनच म्हणत, “येते गं.” एकदा पोरांनी त्यांना रंगेहाथ पकडलं.

“मॅडम, तुम्हीच?”

“अरे, ती रबराची आहे. ती कुणाची वाट बघत नाही,” मॅडम म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या.

त्या वर्षीच्या वर्गात एक मुलगी होती. हात असे की बघत राहावं. शीर तिला पहिल्या टोचण्यात सापडायची, पट्टी बांधली तर सुरकुती नाही. पण तोंड म्हणजे नुसती फटफटी, आणि नावही तेच पडलं. पेशंटला ‘काय होतंय?’ विचारायचं आणि त्याने आ करायच्या आत आपणच सांगून मोकळं व्हायचं. चक्कर येतेय ना, सकाळपासून खाल्लं नसेल, होतं असं, झोपा आता. बोलणाऱ्याची मातीही खपते म्हणतात, पण ती बाजारात. पेशंटच्या उशाशी खपत नाही. संवादाच्या परीक्षेत मॅडमनी तिला दोनदा नापास केलं होतं. तिसऱ्यांदा आपटली असती तर वर्ष पाण्यात. मॅडमना ते नको होतं. खरं सांगायचं तर वर्गात त्यांचा जीव कुणावर असेल तर तो हिच्यावरच, आणि जीव असला की त्या दुप्पट तोडून बोलत.

सरावाची पद्धत अशी. जोड्या करायच्या. एकाने पलंगावर पडून पेशंट व्हायचं, दुसऱ्याने सहायक. पेशंट कोण, त्याला काय होतंय, हे मॅडम त्याच्या कानात सांगत. सहायकाने ते विचारून विचारून काढायचं. मग मॅडम टाळी वाजवत आणि म्हणत, “झालं. उठा. फिरवा.” की पेशंट उठे आणि सहायक त्याच पलंगावर आडवा होई. फिरवल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही. जो उभा राहून विचारतो त्याने पडूनही बघितलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. कुणी आगाऊ पोरगं विचारी, “मॅडम, तुम्ही नाही का कधी पडत?” त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, “मी पडले तर टाळी कोण वाजवणार?”

त्या दिवशी मावशी दुरुस्तीला गेली होती. तिच्या नळ्या गळायला लागल्या होत्या आणि गादीवर लाल डाग पडत होते. तिसरा पलंग मोकळा होता. मॅडमनी फटफटीला त्यावर झोपवलं. जोडीला दिला थंडोबा. पोरगा भला, पण घर पेटलं तर आधी चप्पल शोधणारा.

मॅडम फटफटीच्या कानाशी वाकल्या. तिला चांगलाच धडा द्यायचा असं त्यांनी जेवणाच्या सुट्टीतच ठरवलं होतं.

“म्हातारी आहेस. सत्तरी उलटलेली. छातीत भरून येतं. मुलगी येणार म्हणून वाट बघतेयस. ती यायची नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे, तुलाच नाही. आणि ऐक, कुणी काही म्हणो, ती आल्याशिवाय उठायचं नाही. बघू तुला किती वेळ गप्प पडता येतं.”

फटफटी खुदकन हसली आणि तिने चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली.

इतक्यात खालून प्राचार्यांचा निरोप आला. कॉलेजच्या तपासणीला माणसं येणार होती, कधी ते कुणाला नक्की ठाऊक नव्हतं, त्यामुळे सगळ्यांची पाचावर धारण बसली होती. मॅडम खाली गेल्या त्या बसल्याच. वर घंटा झाली. बाकीच्या जोड्यांनी आपापलं फिरवून घेतलं होतं. थंडोबाने “झालं गं, ऊठ,” एवढं म्हटलं आणि बससाठी पळाला. मॅडम वर आल्या तेव्हा उजेड गेला होता, तिसऱ्या पलंगाभोवती पडदा अर्धा ओढलेला होता, आणि त्यांचं डोकं तपासणीतच होतं. त्यांनी दिवा मालवला. शिपायाने कुलूप घातलं.

सकाळी फाटकाशी फटफटीचे बाबा उभे होते. लिफ्ट दुरुस्तीची कामं करणारा माणूस, नखांत ग्रीस कायमचं मुरलेलं. घरात बाप आणि लेक, दोघंच. पोरगी रात्री घरी आली नव्हती. मैत्रिणींकडे विचारून झालं होतं, पोलिसांत सांगून झालं होतं. इथे येऊन गेले तर सगळं बंद, दिवे बंद.

“मॅडम, तुम्हाला काही बोलली होती का हो ती?” त्यांनी विचारलं, आणि त्या उत्तराची त्यांना भीती वाटत होती हे दिसत होतं.

मॅडमना तिसरा पलंग आठवला. त्या तशाच जिना चढल्या, दुखऱ्या गुडघ्यांसकट. मागे बाबा, त्यांच्यामागे शिपाई किल्ल्या वाजवत.

फटफटी तिसऱ्या पलंगावर होती. सरळ पडलेली, चादर हनुवटीपर्यंत. उशीला फक्त एकच खळगा होता, म्हणजे रात्रभर तिने कूस बदलली नव्हती. मॅडमचा जीव भांड्यात पडला आणि पाठोपाठ तळपायाची आग मस्तकात गेली.

“अगं, डोकं फिरलंय का तुझं? रात्रभर इथे? दार वाजवायचं, ओरडायचं. इकडे बापाचा जीव अर्धा झालाय. ऊठ आधी.”

पोरीने मान हलवली नाही. डोळे तेवढे फिरले.

“तू म्हणालीस का, येते म्हणून?”

“कोण, मी? मी कशाला म्हणेन? मी वॉर्डात कुणाला म्हणत नाही.”

“मग तू नव्हेस,” ती म्हणाली आणि पुन्हा दाराकडे बघू लागली.

आवाज तिचाच होता. पण घाई नव्हती त्यात. एक शब्द बोलून झाला की ती श्वासासाठी थांबत होती आणि मगच दुसरा काढत होती. बाबा पुढे झाले, तिचा हात हातात घेतला, बाळा म्हणून हाक मारली. तिने त्यांच्याकडे पाहिलं, अनोळखी पाहुण्याकडे बघावं तसं, अगदी आदराने.

“बसा ना,” ती म्हणाली. “माझी मुलगी येईल आता. ती चहा करेल.”

बाबांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी नजर चुकवली.

थंडोबाला बोलावून आणलं. त्याला सगळं कळलं तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा तो घाईत दिसला. त्याने टाळी वाजवली. झालं म्हणाला, ऊठ म्हणाला, आता माझी पाळी म्हणाला. रडत रडत पलंगाच्या कडेवर आडवा व्हायलाही गेला.

“तू म्हणालास का येतो?” फटफटीने विचारलं. “नाही ना? मग इथे नको. ही जागा माझी आहे.”

मॅडमनी मग तेच केलं जे त्यांना सगळ्यात चांगलं येत होतं. पोरगी नाटक करतेय की तिच्या मनावर काही झालंय, ते नाडी सांगेल. माणूस तोंडाने सोंग आणेल, नाडीने कसं आणणार? त्यांनी मनगटावर बोटं ठेवली. नाडी दमत चालली होती. दोन ठोके पडत, एक गळे, मग एक उगाच घाईने येई. वॉर्डात अशी नाडी त्यांनी पुष्कळ पाहिली होती, पण विशीच्या मनगटात नाही. त्यांनी पाठीला स्टेथोस्कोप लावला. छातीच्या तळाशी बुडबुडे वाजत होते. त्यांनी चादर बाजूला करून घोट्याजवळ अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला.

यातलं काहीच त्यांनी कानात सांगितलं नव्हतं. छातीत भरून येतं, एवढंच म्हणाल्या होत्या. बाकीचं कुणी सांगितलं? मॅडमना आपल्या अंगठ्याकडे बघवेना.

खालच्या दवाखान्यातले डॉक्टर आले. तरुण होते. आधी म्हणाले, धक्का बसलाय, मनाचा आजार आहे, तिकडे दाखवा. मग त्यांनी छाती तपासली आणि त्यांचा चेहरा उतरला.

“वय काय म्हणालात?” त्यांनी पुन्हा विचारलं. मग मॅडमना बाजूला घेऊन ते हळू आवाजात म्हणाले, “मोठ्या हॉस्पिटलची गाडी मागवतो. पण हे हृदय थकलंय. हलवताना टिकेल असं मला वाटत नाही. न हलवता तरी संध्याकाळ बघेल का, कोण जाणे. मला काही समजत नाहीये, मॅडम. मी खोटं कशाला बोलू?”

बाबा कॉरिडॉरमधल्या बाकावर बसले होते. त्यांना कुणी काही सांगितलं नाही, पण बंद दाराआड डॉक्टर हळू बोलायला लागले की काय समजायचं ते माणसाला समजतं. “मॅडम, ती तुमचं ऐकते,” एवढंच ते म्हणाले. “घरी सारखं मॅडम अशा म्हणाल्या, मॅडम तशा म्हणाल्या. तुम्ही सांगा तिला.”

मॅडम काय सांगणार? सांगायचं ते कालच सांगून बसल्या होत्या. कुणी काही म्हणो, ती आल्याशिवाय उठायचं नाही. फटफटीने पहिल्यांदाच त्यांचं शब्दन् शब्द ऐकलं होतं. ती आता ज्या कुणाची वाट बघत होती, ती कुठून आणायची? वर्गातल्या सगळ्या मुलींना मॅडमनी एकेक करून विचारलं होतं, येते कोण म्हणालं. कुणी नाही. आणि फटफटी तर ज्याला त्याला तेच विचारत होती, म्हणजे कुणीतरी म्हणालंच असणार.

शिपाई मघापासून पायऱ्यांशी घुटमळत होता. शेवटी त्याने घसा खाकरला.

“मॅडम, राग मानू नका. पण ते तुम्हीच म्हणालात ना?”

“मी?”

“काल कुलूप लावताना. रोज म्हणता तसं. दिवा बंद केलात आणि आत बघून म्हणालात, येते गं.”

“ते मावशीला म्हणते मी.”

“हो,” शिपाई म्हणाला. “पण मावशी काल कुठे होती?”

मॅडमना बसावंसं वाटलं, पण बाकावर बाबा होते आणि त्यांच्या शेजारी बसायची त्यांची हिंमत झाली नाही. पडद्यामागे काल पांढरं काहीतरी पडलेलं होतं, त्यांनी ते पाहिलंही होतं, आणि जिभेने आपलं रोजचं काम उरकून टाकलं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या शब्दावर फुल्या मारल्या आणि स्वतःचा शब्द ऐकला नाही. वर सकाळी पोरीने तोंडावर विचारलं, तर खुशाल नाही म्हणून मोकळ्या झाल्या. त्यांना स्वतःची शरम वाटली, आणि त्याहून जास्त भीती.

त्यांनी सगळ्यांना बाहेर थांबायला सांगितलं. दार उघडंच होतं, तरी त्यांनी टकटक केली.

“मी आत येतेय. काल संध्याकाळी मी येते म्हणाले होते. आले.”

पोरीचं तोंड त्यांच्याकडे फिरलं. पहिल्यांदाच पुरतं फिरलं.

“केवढा उशीर केलास.”

“हो. चुकलं माझं. सकाळी विचारलंस तेव्हाही मी नाही म्हणाले, तेही चुकलं.”

मॅडमनी स्टूल ओढलं आणि बसल्या. उभं राहून बोलायचं नाही, पेशंटच्या डोळ्यांच्या पातळीला यायचं, हे त्यांचंच शिकवणं. आता त्या काहीही नवं करणार नव्हत्या. जे येत होतं तेच नीट करायचं होतं.

“कसं वाटतंय?”

उत्तर यायला वेळ लागला. नळ ठिबकत होता. खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर चालू करायला किक मारत होतं, ती चालू होत नव्हती. मॅडम थांबल्या.

“थकले गं,” ती म्हणाली. “दार बघून बघून डोळे दुखतात. माझी मुलगी आहेस ना तू?”

‘हो’ म्हणायला किती सोपं होतं. हो म्हणावं, चल घरी म्हणावं, हात धरून उठवावं. बाहेर बाप बसलाय, तोही म्हणेल, खोटं बोललात तर बोललात. मॅडमच्या जिभेवर ते आलंही होतं. पण एका शब्दाने हे सगळं झालं होतं, त्यावर आणखी एक कसा रचायचा?

“नाही,” मॅडम म्हणाल्या. “मी तुझी मुलगी नाही. मी फक्त येते म्हणाले होते, म्हणून आलेय.”

“मग ती?”

“ती येणार नाही.”

पोरीच्या डोळ्यांच्या कडेने पाणी आलं आणि कानात गेलं. तिने पुसलं नाही. पुन्हा तो वेळ. मॅडमनी तोही जाऊ दिला.

“ठाऊक होतं मला,” ती शेवटी म्हणाली. “पण तोंडावर कुणी सांगितलं नाही. सगळे आपले येते येते म्हणत गेले. तू भली आहेस.”

“मग आता ऊठ. बाहेर सगळे थांबलेत.”

“उठू कशी?” तिने अगदी साधेपणाने विचारलं. “मी उठले तर पलंग रिकामा राहील. चुकून आलीच ती, तर तिला कुणी दिसायला नको?”

खरं कळून वाट बघणं थांबतं असं थोडंच आहे? नाडी बघते म्हणून सांगून मॅडमनी तिच्या मनगटावर पुन्हा बोटं ठेवली. दोन ठोके पडत होते, मग मोठी पोकळी, मग एकच. आता पोकळ्या लांबत चालल्या होत्या. आणि मॅडमच्या लक्षात आलं की कालचं फिरवायचं राहिलंय. थंडोबाचं चाललं नसतं. जिने पोरीला या पलंगावर झोपवलं आणि जी येते म्हणून गेली, तिलाच इथे आडवं व्हायला लागणार होतं. टाळीचं काय, असं त्यांच्या मनात आलं. पण पोरीची नाडी तेवढा विचार करू देत नव्हती.

“सरक जरा,” मॅडम म्हणाल्या. “तुझ्या जागी मी पडते. मी बघते दाराकडे.”

“नक्की?”

“नक्की. मी कुठे जात नाही.”

फटफटी उठून बसली. पाय खाली सोडले. मॅडम त्याच खळग्यात आडव्या झाल्या, कोटासकट, चपला तेवढ्या काढल्या. गादी थंडगार होती. कुणी रात्रभर तिच्यावर झोपलं असेल असं मुळीच वाटेना. पोरीने चादर त्यांच्या हनुवटीपर्यंत ओढली, चांगली दाबून घेतली. मग उभी राहिली, डोळे चोळले आणि एकदम म्हणाली, “अय्या मॅडम, तुम्ही का झोपलात? घंटा झाली का? मला झोप लागली वाटतं, तरी मी सांगत होते या थंडोबाला की हळू आवाजात विचारू नकोस मला झोप येते, आणि भूक किती लागलीये.”

फटफटी सुरू झाली होती. मॅडमना हसू आलं. बाहेर धावपळ झाली, बाबांचा आवाज फुटला, कुणीतरी रडलं, कुणीतरी डॉक्टरांना हाक मारली. डॉक्टर म्हणत होते, नाडी छान आहे, अगदी छान आहे, मला काही समजत नाहीये. मॅडम ऐकत होत्या. आता उठावं, असं त्यांनी ठरवलं.

पलंगावरून खोली वेगळीच दिसत होती. इतकी वर्षं या खोलीत काढली, पण छत कधी पाहिलं नव्हतं. पंख्याच्या पात्यांवर धुळीचे थर होते. पुसून घ्यायला सांगायला हवं, ती माणसं कधीही येतील. कसली माणसं? कुणीतरी येणार होतं. छातीवर कुणी ओली गोधडी ठेवल्यासारखं जड झालं होतं. श्वास घ्यावा तर तो वरच्या वर संपत होता. घोटे चादरीत घट्ट वाटत होते. कॉरिडॉरमध्ये पावलं वाजली आणि मनात पहिला विचार आला, तो मॅडमचा नव्हता. आली वाटतं.

दारात एक लांबोडका मुलगा उभा होता. त्याने टाळी वाजवली आणि म्हणाला, झालं मॅडम, उठा, फिरवा. गोड मुलगा होता. कुणाचा असेल? त्याच्यामागून एक मुलगी आत आली, विशीची असेल नसेल. त्याला म्हणाली, “थांब. टाळीने नाही होणार हे.” मग ती पलंगाजवळ येऊन उभी राहिली आणि तिने पलंगाच्या दांडीवर बोटाने टकटक केली.

“आलीस?” पलंगावरून आवाज गेला.

मुलीचे ओठ हललेच होते. काय म्हणणार होती ते दिसत होतं. तिने ते गिळलं. स्टूल ओढून ती बसली, आपले डोळे या डोळ्यांच्या पातळीला आणले.

“मी इथली विद्यार्थिनी आहे,” ती हळू म्हणाली. “तुमची मुलगी नाही. मी तुमची नाडी बघणार आहे. हात लावू का? आणि मला तुमचं नाव सांगाल?”

आणि ती गप्प बसली.

नाव इथेच कुठेतरी होतं. शोधायला वेळ लागत होता. दारातून एक माणूस दोनदा हाक मारून गेला, बाळा, चल आता घरी. मुलीने मागे न बघता हात वर केला, थांबा म्हणून. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण मनगटावरची बोटं जराही हलत नव्हती. तिने शब्द सुचवला नाही, आठवतंय का म्हणून टोचलं नाही, घड्याळाकडे पाहिलं नाही. दिवस कलला तरी ती तशीच बसून होती.

म्हातारीला बरं वाटलं. आजवर किती आले आणि गेले, असं कुणी बसलं नव्हतं. गुणाची पोर, तिला वाटलं. हिला कुणीतरी फार जीव लावून शिकवलं असणार.